रीस्टार्ट दाबलं, पीसी अडकला! प्लग ओढायच्या आधी हे वाचा

आजच्या व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय.

माझ्या दुकानातला बिलिंगचा पीसी जुना आहे, त्यावर लिनक्स चालतं. महिनाअखेरीला, काउंटरवर गर्दी असताना तो रीस्टार्टला टाकला आणि तो तिथेच अडकला. पोराने वाट न बघता प्लग ओढला. शेवटची चार बिलं गेली, रात्री बसून हाताने टाकली. चूक त्याची नाही. रीस्टार्टमध्ये आत काय होतं, हे मीच कधी शिकवलं नव्हतं.

रीस्टार्ट म्हणजे दोन कामं.

पहिलं काम: आवराआवर. सगळ्या प्रोग्रॅमना "बंद व्हा" असा निरोप जातो. ऐकलं नाही तर जबरदस्तीने बंद केलं जातं. मेमरीतला डेटा डिस्कवर लिहिला जातो. मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकेक डिव्हाइस थांबवतो. शटर ओढण्याआधी आपण गल्ला मोजतो, तसंच.

दुसरं काम: खरा रीसेट. प्रोसेसरला पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. इथे कर्नल मदरबोर्डच्या फर्मवेअरने दिलेले रस्ते वापरतो. साध्या पीसीवर लिनक्स आधी एसीपीआय बघतं. फर्मवेअरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं की अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा टाका, मशीन रीसेट होईल. ते जमलं नाही तर कीबोर्ड कंट्रोलर. हसू नका! १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून प्रोसेसरची रीसेटची तार या चिपकडे आहे. त्यानेही नाही झालं तर यूईएफआयची रीसेट सेवा. सगळ्यात शेवटी प्रोसेसरला मुद्दाम अशा चुकीत अडकवतात की तो स्वतःच रीसेट होतो.

काही मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये ही माहितीच चुकीची असते. मग रस्ता बंद, पीसी लटकला. कर्नलमध्ये अशा मॉडेलची यादीच ठेवलेली आहे.

मग दुकानात काय करायचं?

- स्क्रीनवर शेवटी इंग्रजीत "रीबूट: रीस्टार्टिंग सिस्टिम" ही ओळ दिसली का? दिसली, तर आवराआवर झालेली आहे. पॉवर बटण दाबून धरा, बंद करा, परत चालू करा.
- ओळ दिसली नाही, तर थांबा. दोन-तीन मिनिटं गिऱ्हाईकाला चहा विचारा, कच्चं बिल हाताने द्या. प्लगला हात नको.
- दर वेळी शेवटच्या ओळीवरच अडकतो? मग बायोस अपडेट करून घ्या. नाहीतर टेक्निशियनला सांगा, कर्नलच्या "रीबूट" पॅरामीटरमध्ये दुसरा रस्ता देऊन बघ.

आणि ही ओळ काउंटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. मालक दुकानात नसतानाच पीसी अडकतो, हा माझा अनुभव आहे!

तुमचा पीसी कुठे अडकतो, कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.