नडीपुरती शिल्लक

श्रोतेहो, काटकसर हा शब्द काढला की ऐकणाराच्या कपाळाला आठी पडते. ज्याच्या घरी आधीच ओढाताण आहे त्याला वाटते, "आता ह्यात आणखी काय कमी करायचे बाबा?" आणि ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याला वाटते की हा उपदेश शेजाऱ्यासाठी आहे. शिवाय काटकसर म्हणजे चिक्कूपणा अशीही एक समजूत आहे. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' अशा माणसाला गावात कोणी मान देत नाही, आणि ते बरोबरच आहे. चिक्कू माणूस पैसा राखण्यासाठी घरादाराची गरज मारतो. काटकसरी माणूस वेळेला गरज भागावी म्हणून पैसा राखतो. आज बोलायचे आहे ते ह्या दुसऱ्या माणसाबद्दल.

घर कर्जात का जाते, असा प्रश्न केला तर पारावर बसलेले कोणीही उत्तर देईल : "लग्नं! ऋण काढून सण करायची खोड!" ह्यात तथ्य नाही असे नाही. पण ह्या प्रश्नाची बारकाईने चौकशी एकदा आपल्याच मुलखात झालेली आहे, ती ऐकण्यासारखी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर. ते कागद हिसकावून लोकांनी त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांतही पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि पुढे १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला.

ह्या आयोगाने कर्जाची कारणे शोधली. सारा वाढलेला होता, अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, ही मोठी कारणे होतीच. पण घरखर्चाबद्दल आयोगाने जे नोंदले ते पारावरच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे. लग्नकार्याच्या खर्चाला लोक उगाच फार महत्त्व देतात. रयतेचे कर्ज फुगते ते खाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, साऱ्यासाठी पुनःपुन्हा काढलेल्या लहान लहान रकमांनी, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे लग्न एकदा होते, नड मात्र वर्षातून चार वेळा दारात उभी राहते.

आज दीडशे वर्षांनी पीककर्ज आले, बँका आल्या. पण नडीची चाल फारशी बदललेली नाही. त्याचे कारण शेतकऱ्याच्या मिळकतीत आहे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो आणि खर्चही महिन्याचा असतो. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो, आणि मीठ-मिरची मात्र रोज लागते. सुगीनंतरचे दोन महिने हात मोकळा असतो. आषाढ-श्रावणात, पेरणीचा खर्च होऊन गेलेला आणि पीक अजून शेतात, अशा वेळी पोराला ताप भरतो किंवा म्हैस आजारी पडते. मग हात पसरावा लागतो.

आता थोडे गणित करू. गणिताला घाबरू नका. चौथीच्या मुलाला येईल इतकेच आहे. समजा, अशा नडीला तीन हजार रुपये लागले. ते कुणाकडून दरमहा शेकडा पाच रुपयांनी आणले. शेकडा पाच ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे आहे. वर्षाचे होतात शेकडा साठ! तीन हजारांवर महिन्याला १५० रुपये, चार महिन्यांत ६००. वर्षातून अशी वेळ तीनदा आली, आणि प्रत्येक वेळी पैसे चार महिन्यांनी फेडले, तर व्याजापोटी १,८०० रुपये गेले. मुद्दल तर परत केलेच, वर हे अठराशे.

आता शेजारचे घर पाहा. त्यांनी तीन हजार रुपये नडीसाठी बाजूला ठेवले आहेत. वेळ आली की त्यातून घेतात, आणि सावकाराला जसे फेडले असते तसेच चार महिन्यांत त्या डब्यात परत टाकतात. त्यांचे वर्षाचे अठराशे रुपये वाचले. तीन हजार रुपये पोस्टाच्या साध्या बचत खात्यात ठेवले तर शेकडा चार दराने वर्षाला १२० रुपये व्याज मिळते. "एवढ्याशा व्याजासाठी कशाला साठवायचे?" असे आपण म्हणतो. पण शिल्लकीचे खरे व्याज ते १२० नव्हे. जे कर्ज काढावे लागले नाही त्याचे व्याज हीच पहिल्या शिल्लकीची कमाई, आणि ती अठराशे आहे. म्हणून गरिबाच्या पहिल्या तीन हजारांची किंमत श्रीमंताच्या तीन हजारांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि म्हणूनच, घरात शेकडा पाचाचे देणे असेल तर पोटापुरती नडीची रक्कम ठेवून उरलेले पैसे आधी त्या देण्यात भरावेत. साठ टक्के देत असताना चार टक्क्यांची ठेव वाढवीत बसणे हा उलटा व्यवहार आहे.

मग हे तीन हजार आणायचे कुठून? "उरले तर ठेवू" असे म्हणणाऱ्याच्या घरी कधी काही उरत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. पैसा हाती येतो त्याच दिवशी शिल्लक बाजूला काढावी लागते. समजा, पीककर्ज फेडून सुगीला १,२०,००० रुपये हाती राहिले. त्यातले पुढच्या हंगामाच्या बियाण्याखताचे ३६,००० आधीच वेगळे ठेवा. ते आपले नव्हेतच, ते शेताचे आहेत. उरले ८४,०००. त्यांचे बारा वाटे करा. महिन्याला ७,००० आले. आता प्रत्येक वाट्यातून २५० रुपये काढा. संसार ६,७५० मध्ये चालवायचा. बारा महिन्यांत तीन हजार जमतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण जाणतो. पण अंथरूण किती लांब आहे हे बारा वाटे केल्याशिवाय कळत नाही.

मजुरीवर चालणाऱ्या घरात वर्षाचे वाटे जमणार नाहीत. तिथे आठवड्याच्या बाजाराला जाण्यापूर्वी ६० रुपये बाजूला ठेवावेत. ५० आठवड्यांत तेच तीन हजार होतात.

हे २५० रुपये घरात कुठे सापडतील, ते आता पाहू.

चुलीपासून सुरुवात करू. डाळ, हरभरा, मटकी शिजवण्याआधी भिजत घातली तर जळण कमी लागते. पातेल्यावर झाकण ठेवावे. आधणाला उकळी आली की आच बारीक करावी. पाणी एकदा उकळू लागले की जाळ कितीही मोठा केला तरी ते त्याहून तापत नाही, नुसती वाफ होऊन जाते. पहिला कुकर उतरेपर्यंत पुढची भाजी चिरून तयार असावी. ह्या गोष्टी भगिनींना ठाऊक आहेत. त्या घरातल्या पुरुषांनीही ठाऊक करून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट दिव्याची. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट वीज जळते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला तर १.३५ युनिट. एका दिव्यामागे साडेसात युनिटांहून जास्त फरक पडतो. आपल्या बिलावरचा युनिटचा दर पाहून गुणाकार करा आणि घरात, गोठ्यात असे किती दिवे आहेत ते मोजा.

तिसरी धान्याची. साठवणीतल्या धान्याला सोंडे लागले म्हणजे विकत न घेता पैसा गेला. धान्य कडक उन्हात, दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळवावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच कोरड्या कोठीत किंवा कणगीत भरावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आजीबाईंची रीत अजूनही चांगली आहे. पोती भिंतीला टेकवून, उघड्या जमिनीवर ठेवू नयेत. खाली फळी असावी.

चौथी दुकानाची. वस्तू घेताना पुडीची किंमत न पाहता किलोचा भाव काढावा. समजा, ५० ग्रॅमची पुडी ३० रुपयांना आहे; तिचा भाव किलोला ६०० झाला. २५० ग्रॅमचा डबा १२५ रुपयांना असेल तर किलोला ५०० झाला. नेहमी डबाच स्वस्त असतो असे मात्र नाही. काही वस्तूंत पुडी स्वस्त निघते. म्हणून सवयीने घेऊ नये, हिशेब करून घ्यावे. आणि उधारीची वही दर आठवड्याला मिटवावी. उधारी असली की भाव विचारायला जीभ रेटत नाही.

पाचवी गोष्ट सांगताना मी थोडा संकोचतो, पण सांगतो. तंबाखूची किंवा विडीकाडीची दिवसाला २० रुपयांची सवय वर्षाला ७,३०० रुपये नेते. आपल्याला हवे होते ते तीन हजार, आणि ह्या एका खिशात दोन नडींहून अधिक पैसा आहे. डॉक्टरांचा खर्च तर मी धरलेलाच नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे. काटकसर कुणाच्या ताटातून होते आहे, हे घरातल्या कर्त्याने पाहावे. पुष्कळ घरी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, आणि भाजी संपली असेल तर भाकरी-चटणीवर भागवते. पोराचे दूध बंद करून, मुलीची शाळा सोडवून, दुखणे अंगावर काढून जी शिल्लक पडते ती शिल्लक नव्हे. ते पुढच्या वर्षीचे मोठे कर्ज आहे. तसेच पाऊस नाही, भाव नाही, अशा वर्षी नुसत्या काटकसरीने घर तरत नाही. त्या वेळी सरकार, सोसायटी, गाव ह्या सगळ्यांनी उभे राहावे लागते. पण चांगल्या वर्षाची पुरचुंडी वाईट वर्षाचे पहिले दोन महिने निभावून नेते, आणि सुगीला मिळेल त्या भावाने घाईने माल विकण्याची पाळी टळते.

पैसे ठेवायचे कुठे? भगिनींची जुनी जागा म्हणजे डाळीचा डबा. हाताशी चार-पाचशे रुपये असावेत हे खरे. पण ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा कितीतरी जणींना आपली लपवलेली शिल्लक सगळ्यांपुढे काढावी लागली. म्हणून बाकीची रक्कम स्वतःच्या नावाच्या खात्यात असावी. पोस्टाची बचत बँक १८८२ सालापासून चालू आहे आणि तिथल्या ठेवीला सरकारची हमी आहे. महिन्याला १०० रुपयांपासून आवर्त ठेवही तिथे उघडता येते. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते एक लाख होते. हा विमा सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतसंस्थांना नाही. नावे सारखी असतात, पाट्याही सारख्या असतात. म्हणून पैसे भरण्याआधी ही बँक आहे की पतसंस्था, हे स्पष्ट विचारावे. एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी धोक्यात घालू नये.

बायकांची भिशी आपल्याकडे जुनी आहे. दहा जणींनी पाचशे-पाचशे घातले की दर महिन्याला एकीला पाच हजार मिळतात. अडचण एवढीच की नड आज आणि चिठ्ठी सहा महिन्यांनी, असे होते. बचत गटात ही अडचण कमी होते. तिथे जमलेल्या पैशातून जिला गरज असेल तिला कर्ज मिळते, आणि तिने दिलेले व्याज गटातच राहते. नाबार्डने १९९२ साली अशा गटांना बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, तेव्हापासून हा मार्ग खेड्यापाड्यांत पोहोचला. गटाची वही मात्र दर बैठकीत सगळ्यांसमोर वाचली गेली पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. पूर्वी पुष्कळ शाळांत संचयिका असे. मुले खाऊचे पैसे भरत आणि मुलेच हिशेब लिहीत. ती आज नसेल तरी शेकडेवारीचा धडा आहेच. मुलांना दुकानदाराच्या नफ्याची उदाहरणे घालता, तशी घरची घाला : महिन्याचा शेकडा तीन दर वर्षाचा किती? विजेच्या बिलात एका दिव्याचा वाटा किती? ५० ग्रॅमच्या पुडीचा किलोचा भाव किती? मूल हे गणित वहीत सोडवून घरी नेईल, तेव्हा आईबापही ते ऐकतील.

आणि श्रोतेहो, आपणही आज रात्री जेवणे झाल्यावर एक करा. घरातली सगळी माणसे, बायकांसकट, एकत्र बसा. गेल्या वर्षात किती वेळा हात पसरावा लागला, किती रुपयांसाठी, आणि कोणत्या दराने, एवढे एका कागदावर लिहून काढा. तुमच्या घरची नड तीन हजारांची आहे की पाच हजारांची, हे त्या कागदावरच दिसेल. पुढच्या सुगीला बारा वाटे करताना तो कागद समोर असू द्या.