चष्मा कपाटात का जातो?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी भिजत घरी आली. बारावीनंतर तिने ऑप्टोमेट्री केली, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शिक्षण. आता नवी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात नोकरी करते. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढून म्हणाली, "आपा, याचं उर्दू आणि मराठी करून द्याल? अर्ज एकदा परत आलाय. आता पुन्हा करायचाय."

आम्हाला वाटलं शिष्यवृत्तीचा अर्ज असेल. आपल्या घरांना वजिफ्याची सवय आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक, ही फाइल प्रत्येक अम्मीच्या कपाटात तयार असते. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा आधार होता, ती २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बंद केल्याचं संसदेत सांगितलं. त्याचं दुःख आम्हालाही आहे. पण या मुलीचा कागद वेगळा होता. तो संशोधनाच्या अनुदानाचा होता. वजिफा देणारा विचारतो, तुम्ही कोण, घरात कमावतं किती. अनुदान देणारा विचारतो, तुमचा प्रश्न काय आणि उत्तर कसं शोधणार. आयसीएमआर असो की केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं, तिथे आधी हाच प्रश्न येतो, आणि त्याची तयारी आपण मुलांकडून कधी करून घेत नाही. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी प्रकाश आणि दृष्टीवर ग्रंथ लिहिला हे आम्ही दर विज्ञानदिनी स्टेजवरून सांगतो. टाळ्या होतात, आणि मुलं समोसे खायला जातात.

तिचा प्रश्न साधा होता. शाळेत तपासणी होते, मुलांना मोफत चष्मे मिळतात, सहा महिन्यांनी बघावं तर नाकावर चष्मा नाही. का?

हा प्रश्न तिच्या आधीही विचारला गेला आहे, आपल्याच महाराष्ट्रात. पुण्याचे डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत हे तपासलं. चष्मे दिलेल्या मुलांपैकी १०१८ जणांना काही महिन्यांनी पुन्हा गाठलं, तर चष्मा घालत होती फक्त ३००. बाकीच्यांची कारणं अशी: तुटला, हरवला, घरी विसरला, आवडत नाही, पोरं चिडवतात. २०१३ मध्ये हा अभ्यास नेत्रवैद्यकाच्या भारतीय नियतकालिकात छापून आला.

मग नवं काय, असं परीक्षकांनीही विचारलं होतं. तिचं म्हणणं, ती खेड्यांची गोष्ट. तुर्भे, तळोजा, नेरुळच्या वस्त्यांतून उर्दू शाळेत येणाऱ्या मुलीच्या घरात काय होतं? आम्हाला उत्तराचा अंदाज आहे. आमच्या वर्गातली सातवीची एक मुलगी चष्मा दप्तराच्या तळाशी ठेवायची. वर्गात काढायची, घरी जाताना परत आत. तिची खाला म्हणायची, चष्म्याच्या मुलीला रिश्ता कोण देणार? पण आमचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अशा मुली किती, हे मोजल्याशिवाय कोणी पैसा देत नाही, आणि पैसा मिळाल्याशिवाय मोजणार कसं? म्हणून आधी स्वतःच्या खर्चाने थोडं मोजून दाखवावं लागतं. तिने दोन शाळांत परवानगी घेऊन ते केलं.

पहिला अर्ज परत आला तेव्हा सोबत दोन ओळींची कारणं होती. एक, शंभरच मुलं का? तिच्याकडे उत्तर नव्हतं. शंभर हा आकडा गोल आहे, एवढंच. या वेळी तिने हिशेब केला. पुण्यासारखंच साधारण ३० टक्के मुलं चष्मा घालत असतील असं धरलं, आणि आपला आकडा पाच टक्के इकडे-तिकडे चालेल असं ठरवलं, तर सुमारे ३२० मुलं लागतात. एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी वागतात, एकीने काढला की पाचजणी काढतात. म्हणून तो आकडा दीडपट करायचा, म्हणजे ४८०. आमच्या गणिताच्या सरांना हे फार आवडलं.

दुसरं कारण खर्चाचं. तिने लॅपटॉप आणि चष्मे एवढंच लिहिलं होतं. घरोघर जाणाऱ्या ताईचा पगार, तिचं रिक्षाभाडं, छपाई, तुटलेल्या फ्रेमा बदलण्याचे पैसे, आकडेवारी तपासणाऱ्याची फी, काहीच नाही. कमी मागितलं तर लवकर मिळेल असं तिला वाटलं. आपल्या मुली असंच मागतात. परीक्षकाला मात्र अति कमी आकडाही अति जास्त इतकाच खटकतो. या बाईने काम केलेलं नाही, असं त्याला वाटतं.

आणखी एक अडचण आधीच सुटली होती. एकट्या व्यक्तीला असा निधी सहसा मिळत नाही, मागे संस्था लागते. म्हणून रुग्णालयातल्या ज्येष्ठ डॉक्टरीणबाई मुख्य संशोधक झाल्या, ही सहसंशोधक.

आता आमचं काम. मुलांवर कोणताही अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि पालकांचं संमतीपत्र त्यांना कळेल अशा भाषेत लागतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा स्वतःचा होकारही तोंडी घ्यायचा, बारावरच्यांचा लेखी. आईने सही केली तरी मूल नको म्हणालं तर ते ऐकायचं. हे वाचून आम्ही जरा थांबलो. शाळेत आम्ही मुलांना असं कधी विचारतो?

तिच्या मसुद्यात होतं, "पाल्याच्या अपवर्तक दोषाचे मूल्यमापन". आम्ही लिहिलं, "तुमच्या मुलाला फळ्यावरचं नीट दिसतं का, ते पाहणे". उर्दूत आम्ही झटक्यात "नज़र की जाँच" लिहून टाकलं. नियम असा की भाषांतर दुसऱ्या माणसाने न बघता उलट इंग्रजीत करायचं, म्हणजे अर्थ सरकला का ते कळतं. ते ठीक आलं. पण एका अम्मीला वाचून दाखवलं तर ती हसली, "नजर तर आमच्या फुफ्फू उतरवतात, त्यासाठी सही कशाला?" "बीनाई" शब्द शुद्ध, पण घरात कोण बोलतं? शेवटी "आँखों की जाँच" आणि खाली साध्या शब्दांत दोन वाक्यं.

सर्वात जास्त वेळ एका ओळीला लागला. सही नाही केली तरी चष्मा मिळेल, उपचार थांबणार नाही. ही ओळ शेवटच्या परिच्छेदात होती. आम्ही ती वर आणली आणि जाड अक्षरात टाकायला सांगितली. कागदावर सही म्हटली की आपल्या वस्तीत बायका आधी नवऱ्याकडे बघतात, मग दाराकडे. ही माहिती कुठे जाणार, नाव कोणाला कळणार, हे त्यांनी विचारण्याआधी लिहिलेलं असावं.

त्या मुलीच्या वालिदांना हे सगळं वेळेची नासाडी वाटतं. दुकान काढ, चष्मे विक, म्हणतात. त्यांचंही चुकत नाही, दुकानाचा पैसा दर महिन्याला येतो. अनुदानाचं उत्तर यायला महिनेच्या महिने जातात, आणि बहुतेक वेळा ते नाहीच असतं. एक रिश्ता आला होता, तो तिने थांबवला आहे. त्यावर घरात काय चाललंय ते आम्ही विचारलं नाही.

दुसरा अर्ज गेला आहे. निधीचं उत्तर अजून आलेलं नाही. नैतिकता समितीचं मात्र पत्र आलं, मंजुरी आहे, फक्त एक दुरुस्ती करा: उर्दू संमतीपत्राची अक्षरं फार बारीक आहेत, चाळिशीच्या पालकांना वाचता येणार नाहीत. तिने ते पत्र दाखवलं तेव्हा आम्ही कागद हात लांब करून धरला होता. ती काही बोलली नाही, पिशवीतून तपासणीची पेटी काढली आणि म्हणाली, "आपा, बसा जरा खुर्चीत."