कीबोर्ड-माउस घेताना

नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, बेलापूरच्या कार्यालयांत दिवसभर बोटे कीबोर्डवरच असतात. तरी खरेदी होते ती किंमत बघून. आधी आत काय आहे ते विचारा. स्वस्त कीबोर्डात बटणांखाली रबरी पडदा असतो. तो साधारण 50 लाख ते 1 कोटी वेळा दाबण्यापुरता टिकतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच. तिथे हा आकडा 5 कोटींच्या घरात जातो. एबीएस प्लास्टिकची बटणे घासून लवकर तुळतुळीत होतात, पीबीटीची उशिरा. कीबोर्डचे मागचे पाय मिटूनच ठेवा. उभे केले की मनगट मागे मुडपते.

माउस मात्र हातात धरूनच घ्या. तळवा नीट टेकला पाहिजे, बोटे आखडता कामा नयेत. एकदा दाबले तरी दोनदा क्लिक होत असेल, तर दोष बहुधा बटणाखालच्या धातूच्या पट्टीचा. ती झिजते, दमट हवेत काळवंडतेही. खाडीकाठच्या नवी मुंबईत म्हणून ऑप्टिकल स्विचचा माउस बरा. त्यात क्लिक प्रकाशकिरणाने ओळखले जाते. खोक्यावर नुसते ‘ऑप्टिकल माउस’ असेल तर फसू नका. ते तळाच्या सेन्सरबद्दल असते.