एकाच घरातल्या दोन गॅप

महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांना 'गॅप सर्टिफिकेट' हा शब्द माहीत असतो. बारावीनंतर एखादं वर्ष मध्ये गेलं की प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र करायचं: या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नव्हता, वगैरे. रिकाम्या वर्षाचा लेखी खुलासा. नातेवाईकांना द्यायचा खुलासा वेगळा. 'पोराचं वर्ष वाया गेलं' हे वाक्य आपल्याकडे आवाज खाली आणूनच बोललं जातं.

सिंगापूरमध्ये चित्र उलटं आहे. इथे धडधाकट मुलांची चांगली दोन वर्षं जातात आणि खुलासा कुणीच मागत नाही. नॅशनल सर्व्हिस, म्हणजे एनएस, इथे १९६७ पासून सक्तीची आहे. पूर्वी अनेकांना अडीच वर्षं द्यावी लागत, २००४ पासून दोन. नागरिक मुलांना ती लागू आहेच, शिवाय आईवडिलांच्या आधाराने ज्यांना पीआर मिळाला त्या दुसऱ्या पिढीतल्या मुलांनाही. मुलगा ज्युनियर कॉलेज किंवा पॉलिटेक्निक संपवतो, सैन्यात निवड झाली तर बहुधा फेरीत बसून पुलाऊ तेकोंग बेटावर जातो, डोकं भादरून घेतो आणि त्याची विद्यापीठातली जागा त्याची वाट बघत थांबते. तो परत येईपर्यंत वर्गातल्या मुलींची पदवीची दोन वर्षं झालेली असतात.

म्हणूनच पीआरचा अर्ज भरण्याआधी मराठी घरांत हमखास एक चर्चा होते: मुलाची दोन वर्षं जातील, त्याच्या करिअरचं काय? पुढे पीआर मिळाला आणि एनएस न करता सोडून दिला, तर नंतर इथे शिकायला किंवा नोकरीला येताना ते आड येऊ शकतं, त्यामुळे प्रश्न गंभीरच आहे. आमच्या ओळखीतल्या घरांत या प्रश्नावर रात्री जागवल्या गेल्या आहेत. गंमत अशी की त्याच घरात आईची चार-पाच वर्षं आधीच गेलेली असतात. नवऱ्याच्या बदलीबरोबर ती आली, पुण्यातली किंवा ठाण्यातली नोकरी सुटली, मग मूल लहान होतं. तिच्या गॅपवर कुणी रात्र जागवलेली मला तरी माहीत नाही.

तेव्हा दोन्ही गॅपबद्दल संशोधन काय सांगतं ते बघू.

आधी एक अडचण. गॅप घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट करून त्यांचे पगार मोजले तर उत्तर चुकतं, कारण गॅप घेणारी माणसं मुळातच वेगळी असतात. कुणाला अभ्यासाचा कंटाळा आलेला असतो, तर कुणाच्या वडिलांकडे वर्षभर जग फिरवण्याइतके पैसे असतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू मार्टिन यांच्या २०१० च्या अभ्यासात हेच दिसलं: शाळेत ज्यांचा अभ्यासातला रस कमी होता, ती मुलं गॅपकडे जास्त वळत होती. मात्र गॅप घेऊन विद्यापीठात आल्यावर त्यांची उमेद वाढलेली दिसली. आता ही वाढ गॅपमुळे की वयामुळे, ते सोडवणं सोपं नाही.

खरं तर चिठ्ठ्या टाकून काहींना गॅप द्यायला हवी आणि काहींना नाही. असं कोण करील? अमेरिकेने केलं. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीतून काढल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेले तरुण रांगेत सर्वांत पुढे. (कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांवर जरा जास्तच कुऱ्हाड पडली, हे संख्याशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं.) पुढच्या वर्षांतही अशा सोडती निघाल्या.

जोशुआ अँग्रिस्ट यांनी या जन्मतारखा पुढच्या कमाईशी जोडल्या. १९९० साली त्यांनी दाखवलं की सैन्यात गेलेल्या गोऱ्या तरुणांची कमाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे सेवा संपून बरीच वर्षं झाल्यावरही, सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. नेदरलँड्समधल्या सक्तीच्या सेवेवर गिडो इम्बेन्स आणि विल्बर्ट व्हॅन डर क्लाऊ यांनी १९९५ मध्ये असाच अभ्यास केला. तिथे सेवेनंतर दहाएक वर्षांनी घट निघाली सुमारे ५ टक्के. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स या दोघांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा 'निसर्गाने घडवलेल्या' प्रयोगांमधून कारण आणि परिणाम कसे वेगळे करायचे, त्या पद्धतीसाठी.

पण गोष्टीचा पुढचा भाग आईवडिलांनी जास्त लक्ष देऊन वाचावा. अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याच माणसांची कमाई पुन्हा तपासली. २००० सालापर्यंत, म्हणजे ती माणसं पन्नाशीच्या आसपास आल्यावर, फरक जवळजवळ शून्यावर आला होता. याचं एक कारण साधं आहे. नोकरीत पहिल्या दहा वर्षांत पगार भराभर चढतो, कारण माणूस शिकत असतो. नंतर चढ सपाट होत जातो. दोन वर्षं मागे असलेला माणूस चढावर स्पष्ट मागे दिसतो, पठारावर पोहोचला की दिसेनासा होतो.

अर्थात पठारावर उशिरा पोहोचण्याची किंमत असतेच. स्वीडनमधल्या २००८ च्या एका अभ्यासात ती मोजली आहे: उच्च शिक्षण दोन वर्षं लांबवलं तर जन्मभराच्या हिशेबात चाळिसाव्या वर्षीच्या वार्षिक कमाईच्या ४० ते ५० टक्के इतकं नुकसान होतं. साधारण सहा महिन्यांचा पगार, तोही सगळ्या आयुष्यात मिळून. रकमेला लहान म्हणणार नाही, पण त्यासाठी रात्र जागवावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सिंगापूरचा नेमका आकडा काढणं अवघड आहे, कारण इथे सोडतच नाही. सगळेच जातात. तुलना करायची ती मुलींशी किंवा परदेशी मुलांशी, आणि ते गट इतर अनेक बाबतींत वेगळे. अपवाद आहे तो वयाला बांधलेल्या करिअरचा. जोसेफ स्कूलिंगला एनएस पुढे ढकलण्याची सवलत मिळाली आणि २०१६ मध्ये रिओला त्याने १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकून सिंगापूरला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. २०१८ मध्ये फुटबॉलपटू बेन डेव्हिसला फुलहॅम क्लबच्या करारासाठी तशी सवलत नाकारली गेली. जलतरणपटूच्या अठरा ते वीस या वयाची भरपाई पन्नाशीत होत नाही. इंजिनियरची होते.

आता आईची गॅप. इथे अनुभव बुडतो तो बुडतोच, पण त्याहून महाग पडतो तो गॅपचा अर्थ. अमेरिकेतल्या १०० शहरांत सुमारे ३,००० जाहिरातींना सुमारे १२,००० बनावट बायोडेटा पाठवून २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बेकारीचे पहिले आठ महिने सरेपर्यंत मुलाखतीची बोलावणी झपाट्याने घटली, मग स्थिरावली. जिथे बेकारी जास्त होती तिथे ही घट कमी होती. म्हणजे कंपन्या गॅपकडे लक्षण म्हणून बघतात: सगळ्यांनाच गॅप पडली असेल तर दोष परिस्थितीचा, एकट्यालाच पडली तर दोष त्याचा. एनएस का खुपत नाही, ते यावरून कळतं. ती सगळ्यांचीच असते.

केट वाइसहार यांच्या २०१८ च्या प्रयोगात १८ महिने घरी असलेल्या आईवडिलांचे काल्पनिक अर्ज होते. नोकरीत असलेल्या आयांना १५.३ टक्के प्रतिसाद, नोकरी गेलेल्यांना ९.७, आणि मुलांसाठी स्वतःहून घरी थांबलेल्यांना ४.९. बापांचे आकडे १४.६, ८.८ आणि ५.४, म्हणजे जवळपास तसेच. नोकरी गेलेल्यापेक्षा स्वतःहून थांबलेली व्यक्ती कंपन्यांना जास्त नकोशी. तिची कामावर निष्ठा नाही, असं गृहीत धरलं जातं. फक्त, प्रत्यक्षात थांबतं कोण, हे तुम्हीच आपल्या सोसायटीच्या प्लेग्राउंडवर मोजून बघा.

सिंगापूरमध्ये यात कायद्याची भर आहे. १ मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर असलेल्यांना नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. आधी संमतीपत्रावर भागत असे. पास मिळवायचा तर पगार आणि पात्रतेच्या अटी बसायला हव्यात, आणि पाच वर्षांच्या गॅपनंतर सुरुवातीचा पगार नेमका कमी मिळतो. इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या अभ्यासात २०१८ मध्ये स्त्री-पुरुषांच्या मध्यम पगारांत १६.३ टक्के फरक होता. वय, शिक्षण, व्यवसाय, क्षेत्र असे घटक सारखे धरल्यावरही ६ टक्के उरला. दोन वर्षं उशिरा सुरुवात करणारा पुरुष, एकूणात, तरीही पुढेच.

एक छोटी, तपासलेली युक्ती मात्र आहे. एरिएला क्रिस्टल आणि सहकाऱ्यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रिटनमध्ये ९,०२२ अर्ज पाठवले गेले. प्रत्येक नोकरीपुढे '२०११ ते २०१५' अशा तारखांऐवजी 'चार वर्षं' असं लिहिलं, तर तारखांमधून गॅप दिसणाऱ्या बायोडेटापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त बोलावणी आली, आणि गॅप नसलेल्यांपेक्षाही सुमारे ८ टक्के जास्त. लबाडी काही नाही, अनुभव तेवढाच, फक्त वाचणाऱ्याची नजर आधी त्यावर जाते. ओळखीतून ईमेलने पाठवायच्या बायोडेटात हे सहज करता येतं. ऑनलाइन फॉर्म सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरल्याशिवाय पुढेच सरकत नाहीत, तिथे ते चालत नाही.