पातळ तळाचे बूट : घ्यावेत की नाही?

दर वेळी आपण बचत, कर्ज, हप्ता यावर बोलतो. आज पायावर बोलायचं आहे. कर्ज त्यातही येणार आहे, पण ते पायाच्या वाटेनं येईल.

मागच्या वर्षी आमच्या विरारच्या एका गटात मासिक बैठकीत एक अर्ज आला. गटातल्या एका ताईंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं आणि गोळा फेकायचा असतो. सगळे मिळून ५० गुण. ८०० मीटरला सेकंदा-सेकंदाचा हिशोब. मुलीनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं, की पातळ तळाच्या बुटांनी वेग वाढतो आणि गुडघे दुखत नाहीत. बूट चार हजारांचे. ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. आम्ही दहा मिनिटांत ठराव लिहिला, सह्या केल्या. शिलाई मशीनसाठी कुणी कर्ज मागितलं की आम्ही दहा प्रश्न विचारतो. मशीन कोणतं, काम कुठून येणार, फेड कशी होणार. बुटाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी शिकतेय, धावतेय, याचाच आनंद होता.

दुसऱ्या दिवसापासून ती रोजचं सगळं अंतर त्याच बुटांत डांबरी रस्त्यावर धावू लागली. पहिला आठवडा पोटऱ्या भरून आल्या. चौथ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला दुखू लागलं. तिनं घरी सांगितलं नाही. आईनं कर्ज काढून बूट घेतलेत, आता तक्रार कशी करायची, असं तिला वाटलं. सहाव्या आठवड्यात पाऊल टेकवेना. डॉक्टरांनी सांगितलं, चवड्याकडच्या लांब हाडाला बारीक तडा गेलाय, सहा आठवडे धावायचं नाही. त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली.

त्यानंतर आम्ही जे प्रश्न आधी विचारायला हवे होते ते विचारले. पायाचा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना भेटलो, वाचलं. जे कळलं ते सांगतो.

आधी हे बूट म्हणजे काय ते बघू. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाचेखाली जाड गादी असते आणि टाच चवड्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असते. पातळ तळाच्या बुटांना मिनिमलिस्ट बूट म्हणतात. त्यांत गादी जवळजवळ नसते, टाच आणि चवडा एका पातळीवर असतात, बोटांकडे जागा रुंद असते, वजन कमी असतं आणि बूट हातात धरून चपातीसारखा गुंडाळता येतो. थोडक्यात, अनवाणी पायाला काच-खडा लागू नये एवढीच सोय.

ही कल्पना जगभर पसरली ती २००९-१० च्या सुमारास. मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी साध्या पातळ चपला घालून डोंगरात लांबलांब धावतात, त्यांच्यावरचं एक इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये गाजलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन यांचा अभ्यास आला. लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसं बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात, जाड बुटातली माणसं टाचेवर उतरतात, आणि चवड्यावर उतरताना जमिनीचा पहिला दणका कमी बसतो, असं त्यात दिसलं. इतकं खरं आहे. पण लोकांनी त्यावरून पुढचं वाक्य स्वतःच जोडलं, की मग पातळ बूट घातले की दुखापत होत नाही. हे त्या अभ्यासात सिद्ध झालेलं नव्हतं.

दणका कमी झाला तरी अंगाचं वजन कुठंतरी पेलावंच लागतं. टाचेवर उतरलं की गुडघ्यावर भार जास्त येतो. चवड्यावर उतरलं की तोच भार पोटरी, टाचेमागची जाड नस आणि पावलाची हाडं यांच्यावर जातो. डोक्यावरचा हंडा कमरेवर घेतला तर मान सुटते, पण कंबर धरते, तसंच हे. ज्यांच्या पोटऱ्या आणि पावलं वर्षानुवर्षं हे काम करत आली आहेत, त्यांना जड जात नाही. इतरांना जातं.

एका पावलात २६ हाडं असतात. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाड आणि नस यांना महिने लागतात. म्हणून फसगत होते. तिसऱ्या आठवड्यात पोटरी दुखायची थांबते, आपल्याला वाटतं पाय सरावला, आणि आपण अंतर वाढवतो. हाड तेव्हा मागेच असतं. आमच्या मुलीचं नेमकं हेच झालं.

ती एकटीच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत धावण्याचा सराव असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. काही जणांना १० आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं आणि आधी-नंतर पायांचा एमआरआय काढला. पातळ बूट घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पावलाच्या हाडांत ताणाची सूज दिसली. हे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता. पाय बळकट होतात आणि दुखापत कमी होते, असं जाहिरातीत सांगता, त्याला पुरेसा आधार नाही, असं ग्राहकांचं म्हणणं. २०१४ मध्ये कंपनीनं चूक मान्य न करता ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली.

मग हे बूट वाईट का? तसंही नाही. बूट हलका असला की धावायला दम कमी लागतो. बुटाचं वजन १०० ग्रॅमनं वाढलं की साधारण एक टक्का जास्त ऑक्सिजन लागतो, हे अनेकदा मोजलं गेलं आहे. आणि पावलाला काम दिलं की ते घट्ट होतं. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पातळ बुटांत नुसतं चालणाऱ्यांच्या पावलांचे स्नायू, पावलांचा खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच बळकट झाले. धावणं नाही हं, चालणं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. कर्नाटकातल्या मणिपालच्या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. म्हणजे लहान मुलाला घरात आणि स्वच्छ अंगणात अनवाणी खेळू द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

आता कुणी म्हणेल, मोठेमोठे धावपटू अनवाणीच धावले की. खरं आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. पण तोच माणूस १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायच्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक त्यांनी बूट घालून मिळवलं. बारामतीच्या स्पर्धेत नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेल्या लता करे यांच्यावर सिनेमा निघाला. त्या धावल्या ते पतीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून, पायाचा व्यायाम म्हणून नव्हे. या सगळ्यांत सारखं काय, तर पाय आधीच तयार होते. आयुष्यभराच्या चालण्यानं, डोंगर चढण्यानं, पाणी वाहण्यानं. ती तयारी चार हजारांत विकत मिळत नाही.

आपल्याकडे असे पाय आहेतच. जीवदानीच्या तेराशेहून जास्त पायऱ्या नवसाला अनवाणी चढणाऱ्या बाया आपण बघतो. अर्नाळ्याच्या वाळूत पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या कोळीणमावश्या बघतो. त्यांना पातळ बुटांची गरज नाही, त्यांचा पाय तेच करतोय.

आता कुणी घ्यावेत आणि कुणी घेऊ नयेत ते स्पष्ट सांगतो.

भरतीची चाचणी किंवा स्पर्धा सहा महिन्यांच्या आत असेल तर घेऊ नका. ज्या बुटांत सराव केलाय त्याच बुटांत धावा. मधुमेह असेल, तळव्याला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर पातळ बूटही नको आणि अनवाणी तर मुळीच नको. जखम झालेली कळतसुद्धा नाही. वजन जास्त असेल तरी जपा. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या अभ्यासात ७१ किलोंहून जास्त वजनाच्या धावपटूंना नेहमीच्या बुटांपेक्षा पातळ बुटांत जास्त दुखापती झाल्या. आमच्या गटातल्या एक ताई पन्नाशीच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना वसई-विरार मॅरेथॉनच्या छोट्या पल्ल्यात भाग घ्यायचा होता आणि तसलेच बूट हवे होते. त्यांना आम्ही या वेळी नाही म्हटलं आणि मऊ गादीचे, अर्धा इंच मोकळे बूट घ्यायला लावले. त्या जरा रागावल्या, पण रोज चालतात.

तरुण आहात, पाय निरोगी आहेत, हाताशी वेळ आहे, तर जरूर करून बघा. पण क्रम असा ठेवा. पहिला महिना बूट विकत घेऊच नका. घरात अनवाणी वावरा. भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करा, रोज वीस वेळा. जमिनीवर फडकं टाकून ते पायाच्या बोटांनी गोळा करा. हे एका पैशाचं काम नाही. दुसऱ्या महिन्यात बूट घेतलेत तर ते बाजारहाटाला, स्टेशनपर्यंत चालायला वापरा. तिसऱ्या महिन्यापासून एक दिवसाआड, रोजचं धावणं जुन्या बुटांत करून शेवटची पाच मिनिटं पातळ बुटांत धावा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा, त्याहून जास्त नाही. पावलं छोटी आणि भराभर टाका. मुद्दाम चवड्यावर उतरायची ओढाताण करू नका, पाय आपोआप शिकतो.

वाळूवर धावणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट. राजोडीला, कळंबला सुकी भुसभुशीत वाळू मऊ वाटते, पण तीच पोटरी जास्त ओढते. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू बरी. काच, गळ, माशाचा काटा यांकडे लक्ष ठेवा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा पायाला जखम असताना अनवाणी त्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते.

दुखण्याची खूणही लक्षात ठेवा. संपूर्ण पोटरी जड झाली तर तो सरावाचा त्रास, दोन दिवसांत उतरतो. पण एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी धावणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा. ते हाड असू शकतं.

आमच्या त्या कर्जाचं काय झालं? मुलीच्या आईनं एकही हप्ता चुकवला नाही. गटानं व्याज माफ केलं, कारण चूक आमचीही होती. इतिवृत्तात आम्ही नवीन ठराव लिहिला आहे. खेळाच्या सामानासाठी कर्ज मागितलं, की जिच्यासाठी घ्यायचं त्या मुलीलाच बैठकीला बोलवायचं आणि विचारायचं, स्पर्धा कधी आहे, सध्या कशात धावतेस, कुठं दुखतंय का.

मुलगी आता पुन्हा धावते, जुन्या बुटांत. पुढच्या भरतीचा अर्ज भरणार आहे. ते पातळ बूट ती भाजी आणायला जाताना घालते. तिची आई म्हणते, चार हजारांचे बूट आणि दहा रुपयांची कोथिंबीर. पण ती घालते, आणि आता दुखलं की लगेच सांगते.

तुमच्या घरात कुणी मुलगी भरतीसाठी धावत असेल तर आज संध्याकाळी तिला एवढंच विचारा, पाय दुखतोय का गं? भेटू पुढच्या भागात.