मुलांना सकस आहाराची गोडी कशी लावावी?

ज्या घरी शेतात धान्य पिकते, परसात ताजी भाजी निघते आणि गोठ्यात दुभते जनावर आहे, त्या घरातील मूल अशक्त असू नये, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय होता. दारिद्र्य, वारंवार होणारे आजार, अशुद्ध पाणी आणि गरोदरपणी आईची झालेली आबाळ ही याची मोठी कारणे होत. परंतु आणखी एक कारण असे आहे की, ज्याकडे आपण विस्ताराचे काम करणारे लोक फारसे लक्ष देत नाही. सकस अन्न घरात असते, पण मूल ते खात नाही.

प्रस्तुत लेखकाला याची जाणीव स्वतःच्या चुकीतून झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात परसबागेसाठी भाजीपाल्याच्या बियाण्यांची पाकिटे वाटली. पाऊस वेळेवर झाला, वाफे हिरवेगार झाले, आणि किती घरी परसबागा झाल्या याचा अहवालही समाधानाने पाठविला. दोन महिन्यांनी एका घरी सहज चौकशी केली, तेव्हा तेथील माउली म्हणाली, "साहेब, भाजी लई झाली. पण पोरं तोंडच लावीत न्हाईत, मग बाजारात दिली. आल्या पैशात त्यांनाच बिस्किटं आणली." त्या बाईंचा यात काहीच दोष नव्हता. आम्ही वाफे मोजले, ताटे मोजली नाहीत. बी पेरण्याची रीत सांगितली, पण मुलाच्या जिभेला त्या भाजीची ओळख कशी करून द्यावी, हे सांगितले नाही. त्या उणिवेची भरपाई करावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मूल नवीन पदार्थ का नाकारते?

गोड चवीची आवड मुलाला जन्मतःच असते. कडू आणि तुरट चवीचा तिटकाराही जन्मतःच असतो. निसर्गातील अनेक विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून ही सावधगिरी मनुष्यजातीला उपकारकच ठरली आहे. त्यातच साधारणतः दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलाला अनोळखी पदार्थाची विशेष धास्ती वाटते. या वयात मूल चालू-फिरू लागते, हाताला येईल ते तोंडात घालू शकते. अशा वेळी अनोळखी वस्तूपासून दूर राहणे हा त्याचा उपजत स्वभाव असतो. यास्तव मेथीची भाजी पाहून तोंड फिरविणारे मूल हट्टी किंवा लाडावलेले आहे, असे मानू नये. ते आपल्या वयाप्रमाणेच वागत असते.

परंतु हा स्वभाव कायमचा नव्हे. मुलांच्या आहारावर झालेल्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, क्वचित पंधरा वेळाही, थोडा थोडा चाखावयास मिळाल्यावर बहुतेक मुले तो स्वीकारू लागतात. आपल्या घरांत मात्र दोन-तीन वेळा मुलाने नाही म्हटले की "याला भाजी आवडत नाही" असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्याच्या ताटातून कायमची जाते. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला जुंपीत नाही. आधी नुसते जू मानेवर ठेवून चालवितात. जो धीर आपण गोऱ्ह्याच्या बाबतीत धरतो, तोच मुलाच्या बाबतीतही धरावयास हवा.

आरंभ केव्हा करावा?

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. पाणीही देऊ नये. आई जे खाते त्याच्या चवी काही अंशी तिच्या दुधातही उतरतात. म्हणून गरोदरपणी व अंगावर पाजत असताना आईने पालेभाज्या, कडधान्ये व फळे खाल्ल्यास तिचे स्वतःचे पोषण होतेच, शिवाय बाळालाही त्या चवींची पहिली ओळख होते.

सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. सहा ते अठरा महिन्यांचा काळ चवी शिकण्यास सर्वांत अनुकूल होय, कारण अनोळखी पदार्थाची धास्ती तोवर प्रबळ झालेली नसते. या काळात नुसते वरणाचे पाणी किंवा भाताची पेज देत राहणे ही मोठी चूक आहे. पातळ पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. मऊ शिजवून मोडलेला वरणभात, त्यात पालक किंवा तांदुळज्याची कोवळी पाने, लाल भोपळा, उकडलेले रताळे, पिकलेले केळे किंवा पपई, असे एकेक पदार्थ क्रमाक्रमाने द्यावेत. त्यावर चमचाभर तेल किंवा तूप अवश्य घालावे. पालेभाज्या व भोपळ्यातील जी द्रव्ये शरीरात जीवनसत्त्व 'अ' मध्ये रूपांतरित होतात, ती स्निग्ध पदार्थांबरोबरच चांगली शोषली जातात. एक वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये. तसेच पाच वर्षांखालील मुलास अखंड शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. शेंगदाण्याचा कूट मात्र उत्तम.

जेवणाच्या वेळी पाळावयाच्या गोष्टी

१. नवीन पदार्थ सुपारीएवढाच वाढावा. ताटात एक तरी ओळखीचा व आवडीचा पदार्थ असावा. भूक लागलेली असताना, जेवणाच्या आरंभी, नवा घास द्यावा.

२. बळजबरी करू नये. नाक दाबून, मारून किंवा भीती घालून भरविलेला घास पोटात जातो, पण त्या पदार्थाची अढी मनात बसते. मुलाने नाकारल्यास शांतपणे बाजूला ठेवावा व चार दिवसांनी पुन्हा वाढावा.

३. आमिष दाखवू नये. "भाजी संपव, मग गोळी देईन" असे म्हटले की भाजी ही शिक्षा व गोळी हे बक्षीस, असा अर्थ मूल काढते. त्यामुळे गोडाची आवड वाढते व भाजीची कमी होते.

४. मोठ्यांनी तोच पदार्थ मुलांसमोर खावा. वासरू गाईच्या शेजारी उभे राहून चारा खावयास शिकते. मूलही तसेच शिकते. ज्या घरात वडील स्वतः भाजी बाजूस सारतात, त्या घरात मुलाने ती खावी ही अपेक्षा व्यर्थ होय. शक्यतो दिवसातून एक वेळ तरी सर्वांनी एकत्र जेवावे, आणि घरातील मुलींना व सुनांना शेवटी उरलेसुरले वाढण्याची रीत सोडून द्यावी. आईच्याच ताटात दूध-भाजी नसेल, तर मुलीने काय शिकावे?

५. जेवणाआधीच्या दोन तासांत बिस्किटे, तळलेले पुडे, गोळ्या किंवा चहा देऊ नये. लहान मुलाचे पोट लहान असते. ते एकदा भरले की भाकरीला जागा उरत नाही. चहामुळे तर अन्नातील लोहाच्या शोषणातही अडथळा येतो. उलट लिंबू, आवळा, पेरू यांसारखी आंबट फळे जेवणात असल्यास लोह अधिक शोषले जाते.

आपल्याच शेतातील विविधता

विविध आहार म्हणजे महागडा आहार नव्हे. एकाच दिवसात धान्य, कडधान्य, पालेभाजी, एखादे फळ आणि दूध, ताक, अंडे किंवा मासळी यांपैकी काही तरी, अशा निरनिराळ्या गटांतील पदार्थ मुलाच्या पोटात जावेत, एवढाच त्याचा अर्थ. किनारपट्टीवर सुकट व जवळा स्वस्तात मिळतो. मांसाहार वर्ज्य असलेल्या घरी कडधान्ये व दूध यांवर अधिक भर द्यावा.

तृणधान्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजेच कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या सडीक तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. कोकणात व घाटमाथ्यावर जी नाचणी गरिबाचे धान्य म्हणून मागे पडली, तिचे महत्त्व जगानेही मान्य केले. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळण्यात आले. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, किंचित भाजून दळली असता तिच्यातील खनिजे अधिक सुलभतेने शोषली जातात आणि तिची पेज घट्ट न होता पातळसर राहते. त्यामुळे त्याच वाटीत अधिक पीठ मावते व बाळाला अधिक अन्न मिळते. बाजरीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी लोहाचे प्रमाण अधिक असलेला 'धनशक्ती' हा वाण घरच्या खाण्यासाठी तरी थोड्या क्षेत्रावर घ्यावा. तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला आहे.

अनोळखी पदार्थ ओळखीच्या रूपात दिला की मुले तो लवकर स्वीकारतात. तांदुळजा, मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला चिरून थालिपिठाच्या पिठात मळावा. शेवग्याचा पाला मुगाच्या डाळीबरोबर शिजवावा. लाल भोपळ्याचे घारगे, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, नाचणीचे ताकातील आंबील, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, भाकरीबरोबर जवसाची किंवा कारळ्याची सौम्य चटणी, हे सारे आपल्या आज्यांना ठाऊक असलेले पदार्थ आहेत. मुलांसाठी तिखट बेताचे असावे, एवढी दक्षता पुरे. मात्र भाजी सदैव लपवून देऊ नये. थालिपिठाबरोबरच चिमूटभर भाजी ताटातही दिसू द्यावी. जी भाजी डोळ्यांना ओळखीची होत नाही, ती मूल पुढेही मागत नाही.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली यांसारख्या रानभाज्या विनामूल्य मिळतात. परंतु ज्यांची खात्रीची ओळख आहे अशाच भाज्या आणाव्यात, आणि शेवळासारख्या घशाला खाज आणणाऱ्या भाज्या जाणत्या बायकांच्या पद्धतीनेच शिजवाव्यात.

मुलाचा स्वतःचा वाफा

स्वतः पेरलेली भाजी चाखून पाहण्यास मूल सहसा आनंदाने तयार होते. म्हणून परसबागेत एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा लहान वाफा मुलाच्या नावाने करावा. मोरीचे सांडपाणी गाळून तेथे वळवावे. साबणाचे पाणी शक्यतो टाळावे. प्रारंभी लवकर उगवणारी पिके घ्यावीत, कारण मुलाला फार काळ वाट पाहवत नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते व २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. तांदुळजाही साधारण तितक्याच दिवसांत तोडता येतो. मुळा ४० ते ४५ दिवसांत उपटता येतो, आणि जमिनीतून मुळा ओढून काढण्याचा आनंद कोणत्याही खेळण्याने मिळत नाही. कडेला एक शेवगा व एक पपई असावी; शेवगा वरचेवर छाटला म्हणजे कोवळा पाला हाताशी येत राहतो.

या वाफ्यावर रासायनिक कीटकनाशक मुळीच फवारू नये. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एकूण एक लिटर द्रावण करावे व संध्याकाळी फवारावे. भाजी खाण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावी. मुलाने मातीत काम केल्यानंतर साबणाने हात धुण्याची सवय त्याला याच निमित्ताने लावावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कृषी कर्मचारी, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी हे काम मिळून करावे. बियाण्यांच्या पाकिटाबरोबर त्या भाजीचे दोन पदार्थ अंगणवाडीच्या अंगणात करून दाखवावेत व ते मुलांनाच चाखावयास द्यावेत. एक मूल खाताना पाहून दुसरे खाते. पुढील भेटीत "वाफा किती मोठा झाला?" या प्रश्नाआधी "मुलाने काल काय खाल्ले?" असे विचारावे. बाजारात भाजी विकण्यास हरकत नाही. परंतु पहिली जुडी घरच्या ताटासाठी, मग बाजारासाठी, हा नेम धरण्यास सांगावे.

एखादे मूल सतत खाण्यास नकार देत असेल, त्याचे वजन वाढत नसेल, त्यास वारंवार हगवण लागत असेल किंवा पायांवर सूज दिसत असेल, तर केवळ रुचीचा प्रश्न समजू नये. अशा मुलास विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जंतांमुळेही भूक मंदावते. म्हणून शासनातर्फे ठरावीक दिवशी दिली जाणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

वर उल्लेखिलेल्या घरी मी पुढच्या हंगामात पुन्हा गेलो. या वेळी धाकट्या मुलाच्या हातानेच मेथी पेरून घेतली होती. जुडी उपटण्याच्या दिवशी त्याने एक पान तोंडात टाकले, तोंड वाकडे केले आणि थुंकून दिले. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ताई, ही पहिली वेळ झाली." हंगामाच्या अखेरीस, किती वेळा झाले ते मोजणेही तिने सोडून दिले होते, कारण तो मेथीचे थालिपीठ मागून खात होता, आणि त्या घरची पहिली जुडी आता बाजारात जात नव्हती.