वरकड म्हणून काढून टाकलेलं

गेल्या श्रावणात ओतूर सोडून माळशेजकडे जाताना समोरून आलेल्या ट्रकला वाट द्यायला गाडी कडेला घेतली आणि डावं चाक धारदार दगडावर घासलं. टायरची बाजू चार बोटं चिरली. डिकी उघडली तर तिथे स्टेपनी नव्हती. होता एक छोटा पंप आणि पांढऱ्या चिकट औषधाची बाटली. टायरच्या तळाला खिळा घुसला तर ते औषध भोक बुजवतं. बाजूची चीर त्यानं बुजत नाही. भर पावसात, मोबाइलला रेंज नाही, अशा जागी आम्ही चौघं साडेतीन तास उभे होतो. एक जीपवाला थांबला, आपली स्टेपनी काढून द्यायला निघाला, पण ती आमच्या गाडीला बसणारी नव्हती. शेवटी टोचन करून गाडी ओतूरला आणली. गाडी घेताना विक्रेता म्हणाला होता, "काका, हल्ली स्टेपनी लागते कुणाला?"

त्यानंतरच्या रविवारी नातवाला घेऊन तळेगाव स्टेशनवर गेलो. एक लाल-करडी गाडी धडधडत निघून गेली. "आजोबा, ही कुठली?" मला सांगता आलं नाही. या रुळांच्या शेजारी माझा जन्म गेला आहे, आणि मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून या दोन गोष्टी मनात एकत्र आल्या आहेत. गाडी चालायला पाचवं चाक लागत नाही आणि आगगाडी पळायला रंग लागत नाही. हिशेबाच्या वहीत दोन्ही वरकड. म्हणूनच दोन्हींवर काट मारणं सोपं गेलं.

मोटारी सुरुवातीला स्टेपनीशिवायच निघाल्या. चाक बसलं की भर रस्त्यात टायर उतरवून ट्यूब सांधायची. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरची एक जादा धाव तयार केली. बसलेल्या चाकाला ती पकडीनं जोडायची आणि पुढे निघायचं. त्यांचा कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर. त्या रस्त्याचं नाव आजही आपल्या गावोगावच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.

रेल्वेची आठवण १ जून १९३० पासून काढावी लागते. त्या दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. पुढे देशभर बहुतेक गाड्या विटकरी झाल्या. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी फार नाही.

मला सांगायचं आहे ते १९९० नंतरच्या दहा वर्षांबद्दल. तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो. पहाटेच्या लोकलनं तळेगावहून लोणावळा गाठायचं, तिथे डेक्कन क्वीन पकडायची. विटकरी गाड्यांच्या रांगेत ती निळी-पांढरी, मधून लाल रेघ ओढलेली गाडी वळणावर दिसली की फलाटावरचे पासधारक पिशव्या उचलत. घोषणेची वाट कुणी बघत नसे. आमची आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण मागच्या अंगणात तांदूळ निवडताना ती मान वर न करता म्हणायची, "राणी गेली." डोळ्याच्या कडेला निळं-पांढरं काही सरकलं, एवढं तिला पुरे होतं. गाडीच्या पाटीवरचं नाव तिला कधीच वाचता आलं नसतं. रंग ही तिची लिपी होती. जिला वाचता येत नाही तिलाही रेल्वे तेव्हा आपलं नाव सांगत होती.

संध्याकाळी परतताना कर्जतला गाडी थांबे, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागत. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. सपाटीवर ती इंजिनं वरकडच, पण त्यांच्याशिवाय घाट चढता येत नाही, हे रेल्वेनं कधी विसरलेलं नाही.

वडिलांची शिस्त तीच होती. द्रुतगती मार्ग अजून झालेला नव्हता, खंडाळ्याचा घाट जुन्याच रस्त्यानं उतरावा लागे. निघण्याआधी पेट्रोल पंपावर चारही चाकांची हवा बघून झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला : "स्टेपनीची बघितलीस का?" एकदा घाटातच चाक बसलं. वडिलांनी मागच्या चाकाला दगडाची उटी लावली, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक चढवला. निघालेला प्रत्येक नट त्यांनी उलट्या ठेवलेल्या व्हील कॅपमध्ये टाकला. दरीत गेला तर परत मिळायचा नाही, म्हणून. बसवताना नट आवळले ते समोरासमोरचे, एकाआड एक. वीस मिनिटांत आम्ही चालू लागलो. खोपोलीत पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे खूण केली आणि पंक्चर काढून दिलं. त्या वीस मिनिटांत कुणाची वाट बघावी लागली नाही. आपल्या अडचणीचा इलाज आपल्याच डिकीत होता.

त्या दशकाच्या शेवटी विटकरी डबे निळे होऊ लागले. त्याला कारण होतं : व्हॅक्यूम ब्रेक जाऊन एअर ब्रेक आले, ते डबे ओळखू यावेत. तोवर रंगाला अर्थ होता. २००९ मध्ये दुरांतो हिरवी-पिवळी आली. ती अनेकांना भडक वाटली, पण लांबून ओळखू तरी येत होती. मग एलएचबी म्हणतात ते नव्या बनावटीचे डबे सर्रास लागू लागले आणि गाडीमागून गाडी लाल-करडी झाली. काही गाड्यांच्या अंगावर तर जाहिराती चिकटवल्या गेल्या. गाडीचं स्वतःचं नाव बाजूला आणि विकाऊ मालाचं नाव डबाभर.

स्टेपनी टप्प्याटप्प्यानं गेली. आधी ती लहान झाली, ताशी ८० किलोमीटरच्या वर नेऊ नका अशी चिठ्ठी लावलेली. मग २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरीला जागा हवी, हे कारण मला पटतं. ट्यूबलेसमुळे पंक्चरचा त्रास कमी झाला, हेही खरं. पण नियम करणाऱ्यांनी शहरातला रस्ता धरला. माळशेज, ताम्हिणी, वरंध्याच्या रस्त्यावर दगडानं टायर चिरतो, तिथे दाब दाखवणारा दिवा फक्त हवा गेल्याचं सांगतो. ते आपल्याला आधीच कळलेलं असतं.

गेलेलं परत आणता येतं, याचा पुरावा समोर आहे. २०२२ च्या जूनमध्ये डेक्कन क्वीनला एलएचबी डबे मिळाले, पण तिला सरसकट लाल-करडा रंग दिला नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून तिच्यासाठी वेगळी रंगसंगती करून घेतली. एका गाडीसाठी जमलं ते सह्याद्री, कोयना, महालक्ष्मी, पंचवटीसाठी का जमू नये? रंग नाही तर डब्याला आपली एक पट्टी तरी द्या.

आणि गाडी घेणाऱ्यांना सांगणं एवढंच : पैसे भरण्याआधी डिकीचा तळ उचलून बघा. स्टेपनी नसेल तर मागा. ती पूर्ण मापाची मागा, आणि जॅक-पानाही मागा.

मी माझ्यासाठी पाचवं चाक विकत घेतलं आहे. डिकीतली निम्मी जागा त्यानं खाल्ली. ते तिथेच राहणार.